चव्वेचाळीस, त्रेचाळीस

मी ओबडाया थॅकर, नक्कलनवीस,
कोलंबस, ओहायो. शंभर शब्दांना दहा सेंट.
शब्द मोजायची खोड त्यातूनच हाडीमाशी मुरली;
प्रार्थनेतसुद्धा आमेनच्या आधी बेरीज तयार असते.

एकसष्टचा मे. तोफा सुरू होऊन महिना झालेला
आणि माझ्या टेबलावर आली तेरावी घटनादुरुस्ती.
पहिली तेरावी. ती तुम्हाला कुणी शिकवली नसेल.
शब्द चव्वेचाळीस:
कुठल्याही राज्याच्या घरगुती व्यवस्थेला
काँग्रेसने हात लावता कामा नये,
आणि तसा हात देणारी दुरुस्तीही पुढे कधी होता कामा नये.
काळ्या दगडावरची रेघ,
आणि ती ओढायला माझा टाक.

गुलाम हा शब्द त्यात नव्हता.
मूळ घटनेतही नाही, मी एका रिकाम्या दुपारी शोधला होता.
'सेवेस बांधील व्यक्ती.' 'इतर सर्व व्यक्ती.'
चौऱ्याहत्तर वर्षं सगळे ताकाला जात होते
भांडं कोटाखाली धरून.

केझाया पेटीफोर्ड दिवे लागल्यावर फरशी पुसायला यायची.
आईने स्वतःला विकत घेतलं, मग ही जन्मली.
भाऊ आधी जन्मला, एवढंच;
तो नदीपलीकडे केंटकीत, कुणाच्या तरी तंबाखूत.
म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचलं.
बादलीवर वाकलेली तशीच तिने विचारलं,
"घरगुती म्हणजे कुणाचं घर, मिस्टर थॅकर?"
मी टाक पुसत बसलो. टाक स्वच्छ होता.

चौसष्टच्या मार्चात ओहायोने होकार मागे घेतला.
तीही नक्कल माझीच, त्याच वळणाची.
त्यासाठी वेगळं अक्षर काढता आलं असतं
तर काढलं असतं.

मग पासष्टचा फेब्रुवारी, आणि दुसरी तेरावी.
त्रेचाळीस शब्द. मी दोनदा मोजले.
फरक एका शब्दाचा, म्हणजे सेंटचा दहावा हिस्सा;
मधल्या चार वर्षांत पोरं किती पुरली
ते माझ्या दरपत्रकात बसत नाही.
पण या खेपेला शब्द होता! उघडा, ओळीतला दुसराच:
गुलामगिरी.
घटनेत तो पाऊल टाकतो तोच हद्दपार व्हायला.

सभागृहात टोप्या उडत होत्या. कुणीतरी घंटा वाजवत सुटलेलं.
केझायाने हात कोरडे केले. वाचा, म्हणाली.
मी वाचलं, आणि स्वल्पविरामापाशी जरा घाई केली.
"थांबा. ते मधलं."

ते मधलं: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल, तेवढं सोडून.
अलीकडे एक स्वल्पविराम, पलीकडे एक,
आणि आत माणूस उभा राहील एवढी जागा.
तिने भिंतीवर तळवा टेकला.
त्या विधानभवनाचा चुनखडीचा दगड
कैद्यांनी फोडला, ओढला, चढवला,
हे कोलंबसात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
ती काही बोलली नाही.
माझ्या खुर्चीखाली शाईचा थेंब पडला होता,
तो पुसून गेली.

केंटकीने तेव्हा नाही म्हटलं.
भाऊ आला तो थेट डिसेंबरात,
दुसऱ्याचे बूट घालून. मी त्याला एकदाच पाहिलं,
जिन्यात, बहिणीची बादली धरून उभा.

आता माझा हात कापतो, आणि शंभराला दहा सेंट
कुणी देत नाही. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो.
पहिली तेरावी मेली नाही.
तिला मुदत घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.
वॉशिंग्टनात कुठल्याशा खणात ती पडून आहे,
उरलेल्या राज्यांच्या होकाराची वाट बघत.
माझी प्रत ओहायोने मागे घेतली,
फाडली मात्र नाही.
शाई चांगली होती. अक्षरही.
अजून कुणालाही वाचता येईल.